पुसून न जाणारी नोंद : आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा इतिहास

१/
जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत, स्पीकरच्या जवळ, लोखंडी पत्र्यांचा एक लहानसा पण जड ठोकळा बसवलेला असतो. त्यातून चार-पाच तारा बाहेर आलेल्या दिसतात. कागदी लेबल बहुधा गळून गेलेले असते, तारांचे रंग उडालेले असतात आणि ज्या कारखान्यात तो घडला तो कारखानाही कधीच बंद पडलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे हा ठोकळा बिनतारखेच्या, बिनसहीच्या पत्रासारखा येतो. तरीही त्याच्या पोटात एक नोंद अशी आहे, जी काळाला पुसता आलेली नाही. आजचा धागा त्या नोंदीविषयी आणि ती वाचायला माणूस कसा शिकला त्याविषयी आहे.

२/
या ठोकळ्याचे नाव आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरला मराठीत रोहित्र म्हणतात. एका लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या : ज्या गुंडाळीत वीज जाते ती प्राथमिक, जिच्यातून बाहेर येते ती दुय्यम. प्राथमिक गुंडाळीच्या वेढ्यांना दुय्यम गुंडाळीच्या वेढ्यांनी भागले की जो आकडा मिळतो तो म्हणजे वेढ्यांचे गुणोत्तर. अडचण एवढीच की हे वेढे मोजायचे तर ठोकळा फोडून तार उलगडावी लागेल, म्हणजे पुरावा वाचण्यासाठी पुरावाच नष्ट करावा लागेल. म्हणून वेढे न मोजता त्यांचे गुणोत्तर बाहेरून जाणून घ्यावे लागते.

३/
कथेचा आरंभ २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होतो. मायकेल फॅरडे यांनी मऊ लोखंडाचे सुमारे सहा इंच व्यासाचे कडे घेतले आणि त्याच्या दोन बाजूंना तांब्याची तार गुंडाळली. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातले. एका बाजूला विद्युतघट जोडताच दुसऱ्या बाजूची चुंबकसूची क्षणभर हलली आणि स्थिरावली. घट काढताच ती उलट दिशेने हलली. दोन तारांचा एकमेकींशी स्पर्श नव्हता, तरी एकीतील बदल दुसरीला कळत होता. आजचा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर त्या कड्याचा वंशज आहे.

४/
पुढची पन्नास वर्षे हे तत्त्व मुख्यतः प्रयोगशाळेत राहिले. त्याला व्यवहाराचे रूप देण्यात बुडापेस्टच्या गान्झ कारखान्याचा मोठा वाटा आहे. तेथे कारोय झिपर्नोव्स्की, ओट्टो ब्लाथी आणि मिक्शा डेरी या तिघांनी १८८४-८५ मध्ये बंद गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर घडवले आणि ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नावही ब्लाथी यांनी रूढ केले. त्या मालिकेतील पहिले यंत्र १२० व्होल्टांचे ७२ व्होल्ट करणारे होते. म्हणजे गुणोत्तर सुमारे १.६७. 

५/
गुणोत्तराला एवढे महत्त्व का? गाभ्यातून वाहणारे चुंबकीय अभिवाह दोन्ही गुंडाळ्यांना सामाईक असते. ते बदलले की प्रत्येक वेढ्यात जवळजवळ सारखाच विद्युतदाब उत्पन्न होतो, मग तो वेढा कोणत्याही गुंडाळीतला असो. हजार वेढ्यांवर हजारपट दाब, चाळीस वेढ्यांवर चाळीसपट. म्हणून दोन्ही बाजूंचा दाब मोजून एकाला दुसऱ्याने भागले की उत्तर येते ते वेढ्यांचे गुणोत्तर. आत तार किती जाड, किती लांब, कोणत्या कारखान्याची, याचा या उत्तराशी संबंध उरत नाही.

६/
विजेच्या जाळ्यात ट्रान्सफॉर्मरचे काम दाब बदलण्याचे. ध्वनीच्या जगात मात्र त्याच्याकडे वेगळीच जबाबदारी आली. ती समजण्यासाठी एक संज्ञा हवी : इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, मराठीत संरोध. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये प्रचारात आणला. टेलिफोनच्या अभियंत्यांना लवकरच कळले की कमी संरोधाचे उपकरण जास्त संरोधाच्या तारेला थेट जोडले तर आवाजाची शक्ती वाटेतच वाया जाते. दोघांच्या मध्ये योग्य गुणोत्तराची गुंडाळी ठेवली की व्यवहार जुळतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे मूळ या टेलिफोनच्या विद्येत आहे.

७/
१९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची निर्वात नळी बनवली आणि क्षीण आवाज मोठा करण्याचे साधन माणसाच्या हाती आले. या नळीलाच आपण व्हॉल्व्ह म्हणतो. व्हॉल्व्हचा स्वभाव असा की तो दाब भरपूर देतो, धारा मात्र अगदी थोडी. त्याला हजारो ओहमचा भार मानवतो. सुरुवातीचे हेडफोन आणि कर्ण्याचे स्पीकर बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांचे, म्हणून स्वतःच हजारो ओहमचे असत. ते व्हॉल्व्हला थेट जोडता येत. आवाज चिरका येई, पण मध्यस्थाची गरज भासत नसे.

८/
ही घडी मोडली १९२५ मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याविना चालणाऱ्या, हलत्या कॉइलच्या स्पीकरवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आजचा बहुसंख्य स्पीकर याच वंशातला. पण त्याची कॉइल हलकी हवी, म्हणून वेढे थोडे. आणि वेढे थोडे म्हणून संरोध जेमतेम काही ओहमचा. एका बाजूला पाच हजार ओहम मागणारा व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला आठ ओहमचा स्पीकर. या दोघांना एकमेकांची भाषा समजावी यासाठी दुभाष्या आवश्यक झाला. तो दुभाष्या म्हणजे आपला ठोकळा.

९/
आता थोडे गणित. ते चुकवू नका, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. गुणोत्तर २५ धरा. प्राथमिक बाजूला १०० व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर असतील, तर दुय्यम बाजूला दाब २५ पटींनी घटून ४ व्होल्ट होतो आणि धारा २५ पटींनी वाढून ५०० मिलिअँपिअर होते. शक्ती दोन्हीकडे २ वॅटच. पण दाब भागिले धारा केल्यास एका बाजूला ५००० ओहम, दुसऱ्या बाजूला ८ ओहम. फरक ६२५ पट, म्हणजेच २५ चा वर्ग. नियम सोपा आहे : गुणोत्तराचा वर्ग करा, त्याला स्पीकरच्या ओहमने गुणा; व्हॉल्व्हला दिसणारा भार मिळतो.

१०/
या नियमातून एक गैरसमज दूर होतो. ‘हा पाच हजार ओहमचा ट्रान्सफॉर्मर’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे असे ओहम नसतात. त्याच्याकडे असते फक्त गुणोत्तर. वरच्याच ठोकळ्याला ४ ओहमचा स्पीकर जोडला तर व्हॉल्व्हला २५०० ओहम दिसतात, १६ ओहमचा जोडला तर १०,०००. लेबलवरचा आकडा खरा असतो तो विशिष्ट स्पीकर गृहीत धरून. लेबल ही कारखान्याची शिफारस आहे, गुणोत्तर ही वस्तूची साक्ष आहे.

११/
दुसरा गैरसमज असा की व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध जेवढा, तेवढाच भार त्याला द्यावा. प्रसिद्ध ईएल८४ हा व्हॉल्व्ह पाहा. त्याचा अंतर्गत रोध सुमारे ३८,००० ओहम, पण २५० व्होल्टांवर उत्पादकाने सुचवलेला भार ५२०० ओहम. कमी विकृतीत जास्त शक्ती कोठे मिळते हे पाहून हा आकडा ठरवलेला असतो. तेव्हा जुन्या यंत्राचा अभ्यास करताना व्हॉल्व्हचे नाव आणि ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर ही दोन साधने शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

१२/
मोजायचे कशाने? विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यावर्ती दाब मोजणारी साधने होती, पण ती स्वतःच बरीच धारा खात. नाजूक मंडलात ती लावली की मोजायची गोष्टच बदलून जाई. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये ॲव्होमीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. तो बनवणाऱ्या कंपनीचे नाव होते ऑटोमॅटिक कॉइल वाइंडर अँड इलेक्ट्रिकल इक्विपमेंट कंपनी. गुंडाळ्या भरण्याची यंत्रे आणि गुंडाळ्या तपासण्याचा मीटर एकाच घरातून बाहेर पडले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१३/
पहिला ॲव्होमीटर फक्त दिष्ट धारा मोजत असे, आणि ट्रान्सफॉर्मर तर दिष्ट धारेला दादच देत नाही. १९३० च्या दशकात मीटरच्या आत एकदिशकारक बसवले गेले आणि साध्या दुरुस्तीच्या टेबलावरही गुणोत्तर मोजणे शक्य झाले. तरी एक उणीव राहिली. अशा मीटरांना एका व्होल्टाखालचा प्रत्यावर्ती दाब नीट वाचता येत नसे, कारण एकदिशकारक तेथे सरळ रेषेत वागत नाही. म्हणून दुय्यम बाजूला वाचण्याजोगा दाब मिळावा यासाठी प्राथमिक बाजूला मोठा दाब द्यावा लागे. पद्धत कशी असावी हे साधन ठरवते. इतिहासात हे वारंवार दिसते.

१४/
आजचा साधा डिजिटल मल्टिमीटर व्होल्टाचा शंभरावा भागही वाचतो, त्यामुळे काम सोपे आणि सुरक्षित झाले आहे. ट्रान्सफॉर्मर यंत्रातून पूर्ण सुटा करावा. लहान, सुरक्षित ट्रान्सफॉर्मरमधून मिळणारा सुमारे १२ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब प्राथमिक गुंडाळीला द्यावा. मोबाइलचा चार्जर येथे चालत नाही. तो दिष्ट धारा देतो. दुय्यम गुंडाळी मोकळी ठेवून दोन्हीकडचा दाब मोजावा. समजा, एकीकडे १२.० आणि दुसरीकडे ०.४८ व्होल्ट आले. १२ ÷ ०.४८ = २५. न उलगडलेल्या तारेने आपले गुपित सांगितले.

१५/
येथे एक इशारा गंभीरपणे वाचा. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. तेच १२ व्होल्ट चुकून दुय्यम बाजूला दिले, तर प्राथमिक बाजूला ३०० व्होल्ट उभे राहतात. घरातली २३० व्होल्टांची वीज दुय्यम बाजूला दिली, तर हिशेबाने ५७५० व्होल्ट होतात. प्रत्यक्षात त्याआधीच गुंडाळी जळते, पण हात जवळ असेल तर प्राण जाऊ शकतो. व्हॉल्व्हच्या यंत्रातील संधारित्रेही वीज बंद केल्यावर काही काळ शेकडो व्होल्ट धरून ठेवतात. जाणकार सोबत असल्याशिवाय जुना रेडिओ उघडू नये.

१६/
मापनात दोन सापळे आहेत. पहिला वर्गाचा. गुणोत्तरात दोन टक्क्यांची चूक झाली तर संरोधात ती सुमारे चार टक्के होते, म्हणून दोन्ही दाब काळजीपूर्वक आणि लागोपाठ मोजावेत. दुसरा सापळा ओहममीटरचा. दोन्ही गुंडाळ्यांचा दिष्ट रोध मोजून भागाकार केला की गुणोत्तर मिळेल, असे वाटते. ते मिळत नाही, कारण प्राथमिक गुंडाळीची तार बारीक आणि दुय्यमची जाड असते. कोणती बाजू प्राथमिक हे ओळखायला मात्र ओहममीटर उत्तम : शेकडो ओहम दाखवणारी ती प्राथमिक, एखाद्या ओहमच्या आसपास रेंगाळणारी ती दुय्यम.

१७/
या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध दस्तऐवज १९४७ चा. त्या वर्षीच्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी केटी६६ व्हॉल्व्हांच्या १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. त्यात विकृती ०.१ टक्क्याहून अधिक नसावी असे उद्दिष्ट होते. ते साधण्यासाठी त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाच प्रतिपोषणाच्या फेऱ्यात घेतले, म्हणून त्याची रचना निर्णायक ठरली. गुंडाळणीचा तपशीलही त्यांनी छापला : प्राथमिक गुंडाळी ४४० वेढ्यांच्या दहा विभागांत, म्हणजे ४४०० वेढे, दुय्यम गुंडाळी ५८ वेढ्यांच्या आठ विभागांत.

१८/
आता आपणच हा दस्तऐवज तपासू. प्राथमिक बाजूचा अपेक्षित भार १०,००० ओहम. दुय्यमचा एकच विभाग घेतला तर ४४०० ÷ ५८ = सुमारे ७५.९. त्याचा वर्ग सुमारे ५७५५. दहा हजाराला त्याने भागले की १.७ ओहम येतात, आणि विल्यमसन यांनी एका विभागासाठी दिलेला आकडाही तोच. तीन विभाग एकापुढे एक जोडले तर १७४ वेढे. गुणोत्तर सुमारे २५.३ आणि स्पीकर सुमारे १५.६ ओहमचा. ब्रिटनमध्ये तेव्हा चांगल्या स्पीकरचा प्रचलित संरोध १५ ओहम होता. छापील आकडे एकमेकांची साक्ष देतात. अस्सल साधनाची हीच खूण असते.

१९/
आता निनावी ठोकळ्याकडे वळू. ब्रिटिश रेडिओत ३ ओहमचा स्पीकर नेहमीचा, अमेरिकी परंपरेत ४, ८ आणि १६ हे आकडे रुळले. ईएल८४ ला ५२०० ओहम हवेत आणि स्पीकर ३ ओहमचा असेल, तर गुणोत्तर सुमारे ४२ हवे. ८ ओहमचा असेल तर सुमारे २५.५. मोजल्यावर ४२ आले, तर या ठोकळ्याचा मूळ जोडीदार ३ ओहमचा असावा, असे अनुमान निघते. त्याला आज बाजारात सहज मिळणारा ८ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला जवळजवळ १४,००० ओहम दिसतात. आवाज दबतो, विकृती वाढते आणि आपण दोष देतो तो बिचाऱ्या जुन्या रेडिओला.

२०/
आपल्याकडे ही सावधगिरी अधिकच लागते. मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढच्या दशकांत ब्रिटन, हॉलंड, अमेरिका येथील संच येथे आले, ठाण्यासारख्या ठिकाणी रेडिओचे कारखाने उभे राहिले, आणि १९६० च्या दशकात बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्हही बनवू लागली. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी हाती मिळेल तो स्पीकर, मिळेल तो ट्रान्सफॉर्मर बसवून संच चालते ठेवले. त्यामुळे पेटीवरचे नाव एका देशाचे, व्हॉल्व्ह दुसऱ्याचा आणि ट्रान्सफॉर्मर स्थानिक गुंडाळणीचा, असे घडू शकते. पेटीवरचे नाव वाचून आतल्या भागाची वंशावळ लिहू नये.

२१/
प्रत्येक साधनाप्रमाणे या साधनालाही मर्यादा आहेत. गुणोत्तरावरून ट्रान्सफॉर्मर किती वॅटचा हे कळत नाही. त्यासाठी गाभ्याचा आकार पाहावा लागतो. एकच आउटपुट व्हॉल्व्ह असेल तर गाभ्यातून सतत दिष्ट धारा वाहते, म्हणून तेथे बारीक हवाई फट ठेवतात; जोडीच्या व्हॉल्व्हांना ती सहसा लागत नाही. ही फट गुणोत्तरात दिसत नाही. प्राथमिक बाजूला तीन तारा असतील तर मधली तार सोडून टोकापासून टोकापर्यंत मोजावे. अर्धीच गुंडाळी मोजली तर गुणोत्तर निम्मे आणि संरोध चौथा हिस्सा येतो. सभामंडपातील भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनचे ट्रान्सफॉर्मरही दिसायला असेच असतात. १० वॅटच्या टोकाला ते १००० ओहम दाखवतात.

२२/
या ठोकळ्याचे राज्य ट्रान्झिस्टरने संपवले. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत लहानसा आउटपुट ट्रान्सफॉर्मर टिकून होता. पण १९५६ मध्ये हंग चांग लिन यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरविना चालणारी ट्रान्झिस्टरची रचना प्रसिद्ध केली. ट्रान्झिस्टर मुळातच कमी दाबावर जास्त धारा देतो. स्पीकरची भाषा त्याला येतच होती, दुभाष्या निरोप घेऊन गेला. गुणोत्तर मोजण्याची विद्या मात्र संपली नाही. वीजवितरणातील मोठ्या रोहित्रांची गुणोत्तर-चाचणी आजही केली जाते, आणि तिच्यामागचे तत्त्व तेच आहे.

२३/
भंगाराच्या दुकानात जुने ट्रान्सफॉर्मर आज तांब्याच्या वजनाने विकले जातात. एकदा तार वितळली की वेढे गेले, आणि वेढ्यांबरोबर त्यांची साक्षही गेली. म्हणून आपल्या घरी, ओळखीच्या कारागिराकडे किंवा एखाद्या लहान संग्रहालयात असा ठोकळा असेल, तर जाणकाराच्या मदतीने त्याचे गुणोत्तर मोजून घ्या. मोजताना वापरलेला दाब, वारंवारता, तारांचे रंग, गाभ्याचे माप आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच्याजवळ ठेवा. अनुमान वेगळ्या ओळीत लिहा, मापन वेगळ्या ओळीत. पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक आपल्या अनुमानाशी कदाचित असहमत होईल, पण आपल्या मापनाच्या आधाराने तो पुढे जाऊ शकेल.

धागा समाप्त.